दार बंद होतं, मग अंडं फ्री रेंज कसं?

काल कट्ट्यावर चहाचा पहिला कटिंग संपायच्या आत विषय अंड्यांवर गेला. रव्या महिनाभर इंग्लंडहून आलाय, त्याने मोबाईलवर त्याच्या घरच्या अंड्यांचा फोटो दाखवला, प्रत्येक अंड्यावर लाल शाईत बारीक शिक्का, सुरुवातीला १ आणि पुढे यूके. शून्य म्हणजे ऑर्गॅनिक, १ म्हणजे फ्री रेंज, बाहेर माळावर फिरणाऱ्या कोंबडीचं, २ म्हणजे बार्न, मोकळ्या शेडमधली, आणि ३ म्हणजे पिंजऱ्यातली. पुढचे आकडे कुठल्या फार्मचं ते सांगतात.

पक्या लगेच म्हणाला, अरे पण बर्ड फ्लू आला की सरकारच तिकडे कोंबड्या आत ठेवायला लावतं ना, मग ती फ्री रेंज कशी? आणि तिथून जी जुंपली ती पाऊण तास.

पक्याचं म्हणणं सरळ होतं. फ्री रेंजला कोंबडीमागे चार चौरस मीटर बाहेरची जागा लागते, लोक त्याच मोकळेपणाचे जास्त पैसे मोजतात. २०२२ मध्ये ७ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये आदेश निघाला तो थेट १८ एप्रिल २०२३ ला उठला, म्हणजे २३ आठवडे कोंबडीने गवत बघितलं नाही, आणि खोक्यावर मात्र हिरव्या माळावर चरणारी कोंबडी.

रव्या म्हणाला, थांब, तेव्हा नियम होता. आदेशामुळे कोंबड्या आत असल्या तरी फ्री रेंज म्हणून विकायला आधी १२ आठवड्यांची सूट होती, २०१७ मध्ये युरोपने १६ केली, त्यानंतरही कोंबड्या आतच असल्या तर अंडी बार्न म्हणूनच विकायची. २०२२ च्या मार्चमध्ये तसंच झालं, २१ तारखेपासून दुकानांत बार्न एग्जच्या पाट्या लागल्या. पण आता तो नियमच गेला, युरोपात २०२३ च्या शेवटी आणि इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२५ पासून, आता आदेश कितीही लांबला तरी फ्री रेंजच.

संदीप तोपर्यंत गप्प होता. तो नवापूरचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच निघाला, तेव्हा तो शाळेत होता. म्हणाला, आमच्या शेजारच्या शेडमागे खड्डा खणला होता, कोंबड्या गेल्याच पण अंड्यांचे ट्रेच्या ट्रे पण त्यात ओतले, तो आवाज अजून कानात आहे. शेतकऱ्याने दार हौसेने बंद नाही केलं रे. वरून जंगली बदकं, हंस उडत जातात, त्यांची विष्ठा माळावर पडते, तिथून रोग येतो. शेड तीच, मजूर तेच, खाद्याचं बिल तेच, उलट आत कोंडल्यावर कोंबड्या एकमेकींना टोचतात म्हणून जास्त लक्ष द्यावं लागतं. आणि भाव मात्र बार्नचा घ्यायचा?

हे ऐकून पक्या जरा नरमला पण हटला नाही.

मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत आणि चूक नियम बदलणाऱ्यांची आहे. शेतकऱ्याचा भाव वाचवला ते उत्तमच केलं, पण गिऱ्हाईकाला सांगायचं बंधन का काढलं? २०१७ च्या सुरुवातीला तिकडे खोक्यांवर एक स्टिकर लागला होता, कोंबड्यांच्या भल्यासाठी त्यांना तात्पुरतं शेडमध्ये ठेवलंय अशा अर्थाचा. एवढंच तर हवंय. एक ओळ, खरी. आपल्याकडे तर गावरान म्हटलं की विषय संपला, कवच ब्राऊन असलं की दोन-चार रुपये जास्त, कोण विचारतंय कोंबडी कुठे होती, त्यामुळे जिथे अंड्यावर फार्मचा नंबर छापायची शिस्त आहे तिथे तरी ही एक ओळ जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रव्या म्हणाला, स्टिकर असला तरी मी तेवढेच पैसे देईन. संदीप म्हणाला, मग लावू दे की, आम्हाला काय लपवायचंय, फक्त भाव पाडू नका. पक्या म्हणाला, सगळे तुझ्यासारखे नसतात, स्टिकर बघून निम्मे लोक बार्नचं स्वस्त खोकं उचलतील आणि म्हणूनच ती ओळ काढली असणार.

यावर संदीपकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. टपरीवाल्याने तोवर स्टोव्ह बंद केला होता.