टेपची फुली, किलकिली खिडकी आणि 'कॅटेगरी वनच तर आहे'

हरिकेनचा सीझन आला की तोच फॉरवर्ड फिरायला लागतो, यंदा तीन ग्रुपवर आला. म्हणणं थोडक्यात असं की कॅटेगरी १-२ असेल तर घर सोडू नका, काचांवर टेपची फुली मारा, एक खिडकी किलकिली ठेवा म्हणजे प्रेशर सारखं राहतं, वारा पडला की वादळ गेलं समजा, आणि अशा वेळी कोणी कोणाचं नसतं तेव्हा सामान भरा आणि दार लावून बसा. मी फ्लोरिडात गल्फच्या किनाऱ्याजवळ राहते, वाचून डोकंच फिरलं म्हणून लिहितेय.

आधी कॅटेगरी. तो १ ते ५ मधला आकडा फक्त वाऱ्याच्या वेगाचा असतो, पाणी किती येणार ते त्यात कुठेच नाही. २०१७ ला हार्वी नावाच्या हरिकेनने टेक्सासमधलं ह्यूस्टन बुडवलं तेव्हा त्याचं नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म, म्हणजे हरिकेनहून कमी जोराचं वादळ, उरलं होतं, पण बाबा जागचा हलेचना, दिवसच्या दिवस कोसळत राहिला आणि टेक्सासमधे एका ठिकाणी तर ६० इंचांच्या वर पाऊस मोजला. २०२४ चं हेलीन किनाऱ्याला लागलं फ्लोरिडात, आणि गावं वाहून गेली ती पार नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात. इकडे म्हणतातच, वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा. त्यामुळे निघायचं की थांबायचं ते आपला इव्हॅक्युएशन झोन (पाण्याच्या धोक्याप्रमाणे पाडलेले भाग, ए म्हणजे सगळ्यात धोक्याचा) बघून ठरवायचं, आणि झोन ए ला निघा म्हटलं की निघायचं, घर कितीही पक्कं असू दे.

टेपने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठमोठे धारदार तुकडे अंगावर येतात. शटर नसतील तर प्लायवूड ठोका, तेही वेळेत, आदल्या दिवशी दुकानात मिळत नाही. आणि किलकिली खिडकी म्हणजे तर कहर आहे! घर काय हवाबंद डबा आहे का प्रेशरने फुटायला? आत घुसलेला वाराच छपराला खालून रेटतो. गॅरेजचं दार सगळ्यात कच्चं असतं, त्याबद्दल फॉरवर्डमधे अवाक्षर नाही.

वारा पडला म्हणजे बऱ्याचदा वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर आलेला असतो. लोक अंगणात येऊन फोटो काढतात आणि मग वारा उलट्या बाजूने येतो, तितक्याच जोरात.

आता ते 'कोणी कोणाचं नसतं'. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण वादळ गेल्यावर खरी परीक्षा सुरू होते, लाइट नाही, उकाडा, रस्त्यात झाडं. २०१७ लाच इर्मानंतर फ्लोरिडातल्या हॉलीवूड गावात एका नर्सिंग होमचा एसी बंद पडला आणि १२ म्हातारी माणसं उकाड्याने गेली, हॉस्पिटल अगदी शेजारी असून. जनरेटर गॅरेजमधे लावून विषारी धुराने झोपेतच गेलेली घरंही दर मोठ्या वादळात निघतात. तो घरापासून निदान २० फूट लांब हवा, आणि शेजाऱ्याच्या खिडकीखाली तर नकोच नको.

आमच्या गल्लीत म्हणून एक कागद आहे. चेनसॉ कोणाकडे, जनरेटर कोणाकडे, ऑक्सिजनचं मशीन कोणाला लागतं, कोण थांबणार, कोण जाणार. २०२२ ला इयानच्या वेळी कोपऱ्यावरच्या आजी मुलीकडे गेल्या आणि किल्ली मला दिली. जाताना फ्रीझरमधे पेलाभर पाणी गोठवून वर एक नाणं ठेवून गेल्या. आमचे लाइट गेले तशी गल्लीतल्या सगळ्यांनी आपापलं मांस बाहेर काढलं, समोरच्या आजोबांच्या ग्रिलवर भाजून सगळ्यांनी मिळून खाल्लं, पण आजींच्या फ्रीझरला कोणी हात लावला नाही. लाइट आल्यावर मी जाऊन बघितलं तर बर्फ पुन्हा टणक झालेला आणि नाणं पार तळाला. त्या यायच्या आत तीन पिशव्या भरून सगळं फेकलं आणि फ्रीझर व्हिनेगरने पुसून ठेवला.