नीतिसूत्रे ३१ मधली ती बाई घरात बसून नव्हती

मावशीने परवा ताईला एक फॉरवर्ड पाठवला, खाली हात जोडलेले. ताई बाळंतपणानंतर नुकतीच कामावर रुजू झालीये, तेव्हा तो तिलाच का आला हे वेगळं सांगायला नको. मजकूर असा: बायबलातल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकात ३१:१९ मध्ये मूळ हिब्रू शब्द 'किशोर' आहे, तो संस्कृतातून गेला, त्याचा अर्थ चरखा, चरखा घरात असतो, म्हणून देवाला सद्गुणी स्त्री घरातच हवी. ताई त्या रात्री झोपली नाही. म्हणून लिहितेय.

संस्कृतचं आधी उरकते. संस्कृत किशोर म्हणजे शिंगरू किंवा वयात येणारा मुलगा. सुताशी त्याचा काडीचा संबंध नाही.

चरखा तर साफ चूक. चाकाचा चरखा आला तो हे वचन लिहिलं गेल्यावर निदान हजार वर्षांनी. एवढं मात्र मान्य की 'किशोर' अख्ख्या हिब्रू बायबलात एकदाच येतो, त्यामुळे त्याच्या अर्थावर खरोखर वाद आहे. कोणी म्हणतं, तंतू गुंडाळून ठेवायची काठी. बायबलचे अभ्यासक अल वोल्टर्स यांनी १९९४ मध्ये मांडलं की सुताला दुपदरी पीळ घालायची चाती. पण त्याच वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यातला 'पेलेख' म्हणजे चातीच, आपली टकळी म्हणा.

आणि टकळीला घराच्या भिंती लागतात कुठे? तुर्कस्तानात काराटेपे इथे १९४६ मध्ये एक शिलालेख उजेडात आला, इ.स.पू. आठव्या शतकातला. त्यातली एक भाषा फिनिशियन, म्हणजे हिब्रूची सख्खी बहीण. अझातिवदा नावाचा तिथला सत्ताधीश त्यात सांगतो की पूर्वी ज्या वाटांवर पुरुषही जायला घाबरायचे, तिथे माझ्या काळात बाई चात्या घेऊन एकटी चालते. शब्द तोच, 'पेलेख'चीच व्यंजनं: प-ल-क. आपला मुलूख किती निर्धास्त आहे हे सांगायला त्याने चुलीपाशी बसलेली बाई नाही निवडली. रस्त्याने एकटी निघालेली निवडली, हातात सूतकताईचं सामान असलेली.

बरं, फॉरवर्ड करणाऱ्याने तो अध्याय तरी वाचायचा! सोळाव्या वचनात ती सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. चोविसाव्यात तागाची वस्त्रं करून विकते, व्यापाऱ्यांना कमरपट्टे पुरवते. हे कोणत्या घरात बसून?

कातणं बायकांचं काम मानलं जायचं, हे खरं आहे. बायबलातल्याच २ शमुवेल ३:२९ मधला दावीद राजाचा शाप बरेच अभ्यासक तसाच वाचतात: सेनापती यवाबाच्या घराण्यात पेलेख धरणारे पुरुष निपजोत. तलमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात रब्बी (धर्मगुरू) एलिएझरही बाईचं शहाणपण चातीपुरतंच म्हणतात. ती त्यांची मतं. नीतिसूत्रांमधल्या या वचनात तसं काही नाही.

त्यात काय आहे ते हिब्रूत बघा. एकोणिसाव्या वचनात ती हात किशोरकडे पुढे करते. विसाव्यात तेच क्रियापद, तेच हात, आणि ते पुढे होतात गरजवंताकडे. दोन्ही वचनं मुद्दाम एकमेकांत गुंफलेली आहेत, आणि फॉरवर्डने नेमकं दुसरं कापून टाकलं.

मावशी, तो मजकूर महिला मंडळाच्या ग्रुपवरही टाकला असशील तर हेही तिथेच टाक.