कुठल्या दगडाजवळ?

सकाळी चहा घेताना एक व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. लांब लिहिणार आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री वाचा, पण वाचा.

ओळखीतली एक मुलगी नुकतीच कोलंबियाला जाऊन आली. सिएरा नेवाडा दे सान्ता मार्ताच्या जंगलातून चार दिवस चालून तिने सिउदाद पेर्दिदा, म्हणजे ‘हरवलेलं शहर’ पाहिलं. छान केलं. व्हिडिओही छान घेतलाय. नदी, धुकं, शेवाळलेल्या पायऱ्या, सगळं आहे त्यात. पण शेवटी ती तळहातावर खापराचा एक तुकडा धरते, कॅमेऱ्यासमोर आणते आणि म्हणते, "ही माझी आठवण! खालीच पडला होता." त्याच्या आधी मिनिटभर गाईडची तक्रार. गाईड सक्तीचा आहे, एकट्याने जाऊच देत नाहीत. तो तिथला आदिवासी माणूस चार दिवसांत धड चार वाक्यं बोलला नाही. सारखा गालात ‘नशेची पानं’ धरून बसायचा. आणि एवढं चालून वर गेल्यावर आहे काय, तर नुसते गोल ओटे.

खाली बदामांचा पाऊस. एकानेही विचारलं नाही की अगं, तो तुकडा तू उचललासच कसा?

मी विचारणार होते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. कारण चार वर्षांपूर्वी मीसुद्धा उचलला होता.

तिसऱ्या दिवसाची सकाळ होती. बुरिताका नदी ओलांडली की पायऱ्या लागतात. हजार-बाराशे आहेत. अरुंद, ओल्या, माझं पाऊल सरळ मावत नव्हतं, आडवं टाकत चढावं लागत होतं. वर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच आलं होतं. आदल्या रात्रीच्या पावसाने वाटेच्या कडेची माती वाहून गेली होती आणि तिथे तो दिसला. दोन बोटांएवढा, विटकरी रंगाचा, एका कडेला नखाने ओढल्यासारख्या तीन रेघा. कुणीतरी ओल्या मातीवर ओढलेल्या रेघा, हजार वर्षांपूर्वी असतील नाहीतर पाचशे. मी इकडेतिकडे पाहिलं आणि खिशात टाकला. इकडेतिकडे पाहिलं म्हणजे मला कळत होतं ना! अजाणतेपणी झालं असं मी आजही म्हणू शकत नाही.

खाली उतरून नदीकाठी बसलो. रुमाल काढताना तो तुकडा खिशातून निसटून दगडावर पडला. आमचा वाटाड्या त्या डोंगरातल्या विवा या आदिवासी समाजाचा. (त्याचं नाव लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही.) त्याने तो उचलला, उलटा करून पाहिला, अंगठ्याने माती पुसली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. दुभाष्याने सांगितलं, "तो विचारतोय, कुठल्या दगडाजवळ होता?"

मला सांगता येईना.

तर आता त्या ‘नुसत्या गोल ओट्यां’बद्दल. अगं बाई, ती जोती आहेत! घरांची जोती. स्पॅनिश यायच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या ताइरोना लोकांनी साधारण आठव्या-नवव्या शतकात ही वस्ती वसवायला घेतली, पेरूतल्या माचू पिच्चूच्या कितीतरी आधी. घरं लाकडाची आणि गवताने शाकारलेली, ती काळाच्या ओघात गेली. दगडी जोती राहिली. अशी दीडशेच्या वर आहेत तिथे, डोंगराच्या सोंडेवर एकाखाली एक उतरत गेलेली. चुना नाही, काही नाही, नुसते दगडावर दगड बसवून धरलेले बांध, आणि पाणी वाहून न्यायला दगडी वाटा नि चर. त्या डोंगरात पाऊस कसा कोसळतो ते मी दोन रात्री मच्छरदाणीत पडून ऐकलंय. एवढ्या पावसात ती जोती इतकी शतकं ढासळली नाहीत. तुला भिंती हव्या होत्या का?

आणि ‘हरवलेलं’ हा शब्दही मला आता खुपतो. कुणाचं हरवलं होतं? तिथले लोक त्याला तेयुना म्हणतात. स्पॅनिश आले, 1525 मध्ये किनाऱ्यावर सान्ता मार्ता वसलं, पुढची पाऊणशे वर्षं लढाया, रोगराई, जाळपोळ झाली आणि वाचले ते वर डोंगरात सरकले. आजचे कोगी, विवा, आरुआको आणि कांकुआमो हे चार समाज स्वतःला त्याच परंपरेचे वारस मानतात. ते म्हणतात, आम्हाला तेयुना कायम माहीत होतं, आम्ही जात होतो, फक्त बोललो नाही. न बोलण्याला कारण होतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला थडगी उकरून सोनं काढणारे लुटारू, त्यांना तिकडे ‘ग्वाकेरो’ म्हणतात, त्या पायऱ्यांपर्यंत पोचले. सोन्याच्या मूर्ती, मण्यांच्या माळा, मृतांबरोबर ठेवलेली भांडी, सगळं उपसून खाली बाजारात गेलं. लुटारूंच्या टोळ्यांत मारामाऱ्या झाल्या, माणसं मेली. त्या जागेला त्यांनी नाव दिलं ‘हिरवा नरक’. पुरातत्त्व खात्याची माणसं 1976 मध्ये पोचली तेव्हा जागोजागी खड्डे होते. एक खड्डा मी स्वतः पाहिलाय. जोत्याच्या मधोमध, आता त्यात नेचे उगवलेत. वाटाड्या त्याच्या कडेने वळसा घालून गेला, आम्हीही गेलो. त्याच्यापासून वीस पावलांवर मी वाकून खापर उचललं.

म्हणून म्हणते, ‘एवढासा तुकडा’ असं काही नसतं. प्रत्येक लुटारूच्या हातातही एका वेळी एकच वस्तू होती.

बरं, ती ‘नशेची पानं’. हे ऐकून तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या समाजांत मुलगा वयात आला की मामो, म्हणजे त्यांचे आध्यात्मिक गुरू, त्याला पोपोरो देतात. पोपोरो म्हणजे छोटा दुधी भोपळा. आत समुद्राचे शिंपले भाजून केलेली पांढरी भुकटी. गालात भाजलेली कोकाची पानं, काडीने थोडी भुकटी तोंडात घ्यायची, आणि मग ती ओली काडी भोपळ्याच्या मानेवर फिरवत राहायची. फिरवून फिरवून तिथे पिवळसर थर चढतो, वर्षानुवर्षं वाढत जातो. आमच्या वाटाड्याच्या पोपोरोवर तो थर बोटभर जाड होता. मी विचारलं हे काय साठलंय, तर दुभाष्यामार्फत उत्तर आलं की तो माझा विचार आहे. मी काडी फिरवतो तेव्हा विचार करतो, तो इथे बसतो. त्या पानांचं पुढे शहरांतल्या लोकांनी रसायनं घालून कोकेन केलं आणि त्यापायी याच डोंगरांत किती रक्त सांडलं, त्याचा हिशेब या माणसाकडे का मागताय? माणूस विचार करतोय आणि आपण त्याला नशेबाज म्हणून शंभर लोकांसमोर उभं करतोय. परवानगी न घेता. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरून.

शांत होते जरा.

कबूल करते, ते कमी बोलतात. इतिहास ऐकायच्या अपेक्षेने गेलेल्याला चुकल्यासारखं वाटतं, मलाही पहिले दोन दिवस वाटलं. आणि हो, ट्रेक विकणाऱ्या सगळ्याच कंपन्या त्या समाजांच्या नाहीत, पैसा सगळ्यांपर्यंत सारखा पोचत नाही, हेही खरं.

पण आमच्या वाटाड्याची भाषा दमाना. स्पॅनिश त्यालाही शिकावी लागली. त्याची दमाना ऐकायला आपण गेलो होतो का? आणि प्रत्येक गोष्ट पाहुण्याला सांगायची असते, हे कुणी ठरवलं? घरी आलेल्याला आपण देव्हारा दाखवतो, कुलाचार पाठ करून दाखवत नाही. तिथे गेलेल्या बहुतेकांना एक मोठा कोरीव दगड आठवत असेल, सगळ्या अंगावर रेघा असलेला. वाटाडे म्हणतात तो नद्यांचा आणि वाटांचा नकाशा आहे. आमच्या गटातल्या एकाने विचारलं, कुठली रेघ कुठली नदी? वाटाड्या हसला आणि पुढे चालायला लागला. तेव्हा मला राग आला होता. आता नाही येत.

सक्तीबद्दल म्हणाल तर, असू दे सक्ती. 2003 मध्ये याच ठिकाणाहून आठ परदेशी पर्यटकांना बंडखोरांनी पळवून नेलं होतं, शेवटचे सुटायला तीन महिने लागले. वाट बंद झाली ती 2005 मध्ये उघडली. आज वर सैनिक असतात. पण मला सुरक्षिततेपेक्षा दुसरंच म्हणायचंय. दुसऱ्याच्या घरात शिरताना घरचं माणूस बरोबर असतंच. सप्टेंबरात ते काही दिवस तेयुना बंद ठेवतात, त्यांचे विधी असतात, जागेला आणि त्यांना दोघांनाही मोकळं व्हायला लागतं. त्यावरही व्हिडिओत कुरकुर आहेच, की तारखा बदलाव्या लागल्या. बदला ना! वर्षातले बाकीचे महिने ते आपल्याला घरात घेतात, चुलीशेजारून जाऊ देतात, पोरं आपल्याकडे बघत उभी असतात. आणखी किती हवंय आपल्याला?

हे सगळं मी लिहितेय खरं, पण मनात तीच नदी आहे.

कुठल्या दगडाजवळ. मी म्हटलं, पायऱ्या संपल्या की उजवीकडे. मग म्हटलं, नाही, दुसऱ्या जोत्याच्या खाली. दुभाष्या सांगत होता, वाटाड्या ऐकत होता, आणि प्रत्येक उत्तराबरोबर माझ्या लक्षात येत होतं की मी त्या जागेकडे पाहिलंच नव्हतं. फक्त तुकड्याकडे पाहिलं होतं. तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने तो तुकडा आपल्या पांढऱ्या मोचिलात, बायका विणतात त्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवला, दुभाष्याला आम्हाला तळावर न्यायला सांगितलं आणि वळून पायऱ्या चढायला लागला. सकाळी आम्हाला घेऊन एकदा चढून उतरला होता. मी मागे धावले, येते म्हटलं. त्याने माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, बस.

दीड तासाने आला. सदरा पाठीला चिकटलेला. तळावरच्या बाईंनी उसाच्या गुळाचं पाणी दिलं, ते उभ्याउभ्याच प्यायला. मी विचारलं, सापडली का जागा? तो म्हणाला, "जवळपास ठेवलाय. मामोला सांगीन."

जवळपास. त्या ‘जवळपास’ने मला चार वर्षं छळलंय.

त्या लोकांसाठी वस्तू आणि तिची जागा वेगळी नसते, हे मला खूप उशिरा उमगलं. 1915 मध्ये कोनराड प्रॉयस नावाच्या जर्मन अभ्यासकाने कोगींचे दोन लाकडी मुखवटे मिळवले आणि बर्लिनच्या संग्रहालयात नेले. पंधराव्या शतकातले मुखवटे. 2023 च्या जूनमध्ये ते कोलंबियाला परत मिळाले. म्हणजे शंभरावर वर्षं ते जिवंत पूजेतून उठवून परक्या शहरात ठेवले होते. त्यानेही ते चोरले नव्हते, विकत घेतले होते. तो विद्वान होता, भाषा शिकलेला होता. आपण तर चार दिवसांचे पाहुणे.

आता दुपार झालीये. मघाशी लिहिता लिहिता थांबून मी त्या मुलीला फोन केला. पोस्टवर चारचौघांत बोलण्यापेक्षा तेच बरं वाटलं. (तुम्हीही कुणी तिला शोधून काही बोलायला जाऊ नका, ही विनंती आहे.) आधी ती चिडली. ताई, एवढासा तुकडा, पावसाने वाहूनच गेला असता. मी म्हटलं, गेला असता तर त्यांच्याच नदीत गेला असता. मग तिला माझ्या खिशाची गोष्ट सांगितली. सगळी, इकडेतिकडे पाहिलं होतं तेसुद्धा. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता काय करू?"

मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगितलं. धुऊ नकोस, कुणाला देऊ नकोस, कापसात गुंडाळून ठेव. कोलंबियाच्या 1991 च्या राज्यघटनेनुसार असा प्रत्येक पुरातन अवशेष देशाच्या मालकीचा आहे, तो विकता येत नाही, आणि कितीही वर्षं जवळ ठेवला तरी आपला होत नाही. तिथल्या मानववंशशास्त्र आणि इतिहास संस्थेला आजच पत्र लिही, काय झालं ते खरं लिही, कसा पाठवायचा ते विचार. आणि ज्या वाटाड्याबरोबर गेली होतीस त्याच्यापर्यंतही निरोप पोचव.

तिने व्हिडिओ काढून टाकलाय. आत्ता पाच मिनिटांपूर्वी तिचा मेसेज आला. मूळ चित्रीकरणात तुकडा उचलतानाचा भाग आहे, व्हिडिओत घेतला नव्हता. मला पाठवला. तीन सेकंदांचा आहे. तिचा हात खाली जातो, मागे पायरीचा तुटलेला कोपरा दिसतो, डावीकडे जोत्याचा बांध, आणि त्यातला एक दगड बाकीच्यांपेक्षा लांबट, त्यावर पांढुरक्या शेवाळाचा ठिपका.

तिला सांगता येईल. मला नव्हतं आलं.