पूल काय गाड्यांच्या बापाचा आहे?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दत्तवाडीत राहतात. म्हात्रे पूल ओलांडला की एरंडवणं, त्यामुळे गेली कित्येक वर्षं त्या चालतच येतात. मागच्या आठवड्यात दोन दिवस रिक्षाने आल्या. का, तर "आजींनीच सांगितलं की, पुलावरून चाललं की दंड होतो आता." आजी म्हणजे माझी आई. आईला कळलं सोसायटीच्या ग्रुपवरून. ग्रुपवर टाकलं तिसऱ्या मजल्यावरच्या तात्यांनी. तात्यांना कुणी पाठवलं ते तात्यांनाही आठवत नाही.

आईने मेसेज अर्धाच वाचला होता. त्यात बंदीची मागणी होती, तिने बंदी झालीच असं धरलं आणि मावशींना काळजीपोटी सांगून टाकलं. तिला दोष देत नाही. मेसेजची सुरुवातच 'पुणेकरांनो सावधान, पुलावरून पायी जाताय?' अशी आहे, पुढचं कोण वाचतं!

मी वाचलं. सगळं. त्याचा मथितार्थ असा: सार्वजनिक सुरक्षेसाठी शहरातल्या सर्व मोठ्या पुलांवर पायी चालणं आणि सायकल चालवणं कायमचं बंद करा. कारणं पाच. (१) जगात कुठल्याच मोठ्या पुलावर माणसांना चालू देत नाहीत. वांद्रे-वरळी सी लिंक बघा, अटल सेतू बघा. (२) पादचाऱ्यांमुळे अपघात होतात, फुटपाथ काढला तर दोन लेन वाढतील. (३) माणसांच्या गर्दीने पूल पडतात, कुंडमळा विसरलात का? (४) लोक पुलावरून उड्या मारतात. चालणंच बंद केलं की प्रश्न मिटला, आणि जाळ्या-कठड्यांवर पैसे घालवू नका, कारण ज्याला मरायचं तो कुठेही मरतो. (५) सायकलवाले तसेही दिसत नाहीत. खाली 'जनहितार्थ' आणि हात जोडलेले तीन इमोजी.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. हावडा ब्रिज १९४३ पासून उभा आहे आणि त्यावरून चालणाऱ्यांची रांग कधी तुटत नाही. सिडनीचा हार्बर ब्रिज १९३२ चा. त्याच्या एका बाजूने चालणारे जातात, दुसऱ्या बाजूने सायकली. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट १९३७ चा, त्यावरही दोघांना जागा आहे. म्हणजे 'जगात कुठेच नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याने जग बघितलेलं नाही, निदान गूगलवर तरी. सी लिंक आणि अटल सेतूवर पायी जाता येत नाही, हे मात्र खरं. पण ते समुद्रावरचे द्रुतगती रस्ते आहेत, तिथे दुचाकीही चालत नाही. शिवाय सी लिंकवर चालू दिलं नाही तरी वांद्र्याहून माहीमला जायला खालचा जुना रस्ता आहेच. आपल्याकडे 'सर्व मोठे पूल' बंद केल्यावर दत्तवाडीच्या माणसाने मुठा कशी ओलांडायची, होडीने? अटल सेतू जवळपास बावीस किलोमीटरचा आहे. म्हात्रे पूल ओलांडताना एक शेंगदाण्याची पुडीही संपत नाही.

आणि तात्या, पुण्यातच एक उलटं उदाहरण आहे. बंडगार्डनचा जुना पूल, १८६७ चा, मूळ नाव फिट्झजेराल्ड. म्हातारा झाल्यावर त्याच्यावर वाहनं बंद झाली. माणसं अजून चालतात.

दुसरा मुद्दा. पादचाऱ्यांमुळे अपघात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. मरणाऱ्यालाच कारण ठरवायचं, हे गणित मला जमत नाही. पुण्याचा सगळ्यात बदनाम पूल कुठला? नवले पूल. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एकाच वेळी कितीतरी वाहनांचा चुराडा झाला, तो कुणी आजी मध्येच रस्ता ओलांडत होत्या म्हणून नव्हे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून सुटणारा उतार आणि त्यावरून भरधाव येणारी अवजड वाहनं, हे तिथलं दुखणं.

आणि त्या 'दोन लेन'. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. एका लेनला साधारण साडेतीन मीटर लागतात. दोन्ही बाजूंचे फुटपाथ खरवडून काढले तरी जेमतेम एक लेन हाती येते, तीही दोन तुकड्यांत. शिवाय फुटपाथ असतो माणसांच्या वजनाच्या हिशेबाने बांधलेला, त्याच्या पोटातून बऱ्याचदा पाइप आणि केबल गेलेल्या असतात. एवढं करूनही गाडी पुलाच्या टोकाला त्याच सिग्नलला उभी राहणार. पुलावर लवकर पोहोचून सिग्नलला जास्त वेळ थांबायचं, एवढाच काय तो फायदा. (फुटपाथ बऱ्याच अंशी आधीच दुचाकीवाल्यांनी ताब्यात घेतलेला आहे, तो भाग वेगळा. परवा आईला फुटपाथवर मागून हॉर्न देऊन एकाने सांगितलं, "आजी, साइडला घ्या." फुटपाथवरून साइडला म्हणजे नदीत का?) फुटपाथ वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे. तात्यांना न्यायालयाचे मेसेज फॉरवर्ड करायला एरवी फार आवडतं.

तिसरा मुद्दा वाचताना मात्र थोडं थांबलो, कारण इथे अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला जिवावर येतंय. गर्दीचं वजन खरंच मोठं असतं. चारचाकी हजार-बाराशे किलोची, सात-एक चौरस मीटर जागा घेते. म्हणजे एका चौरस मीटरवर दीडशे-पावणेदोनशे किलो. त्याच एका चौरस मीटरवर सहा माणसं खेटून उभी राहिली तर चारशे किलो सहज होतात. म्हणूनच पुलांच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, त्यात फुटपाथसाठी चौरस मीटरला ४०० किलो धरतात, आणि यात्रा-जत्रांच्या ठिकाणी ५००. गोल्डन गेटच्या पन्नाशीला, २४ मे १९८७ रोजी, पूल गाड्यांना बंद करून लोकांना सोडलं. अंदाजे तीन लाख माणसं एकाच वेळी पुलावर आली आणि पुलाच्या मधल्या भागाचा बाक वजनाने सपाट झाला. तर होय, माणसंही पुलाला जड होतात. पण पूल टिकला, आणि दुसऱ्या दिवशी कुणी 'आता चालणं बंद' असं म्हटलं नाही.

१५ जून २०२५ ला, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला. चार माणसं गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, तरी माणसांबरोबर दुचाक्याही पुलावर चढलेल्या होत्या. यातून शिकायचं असेल तर हे शिका, की मोडकळीला आलेला पूल नुसती पाटी लावून उघडा ठेवायचा नसतो. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे माणूस उभा करून गर्दी मोजावी लागते, नाहीतर पूल साखळी लावून सगळ्यांनाच बंद करावा लागतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद करतात, तेव्हा कुणी तक्रार करत नाही. पण तो चालणारा, सायकलवाला, बुलेटवाला, सगळ्यांना सारखाच बंद असतो. आणि महाडचा सावित्रीवरचा पूल? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला तेव्हा दोन एसट्या गेल्या. त्यावरून 'पुलावर एसटी बंद करा' असा मेसेज कुणी पाठवल्याचं आठवत नाही.

आता चौथा. खरं तर याच मुद्द्यासाठी लिहायला बसलो, बाकीचे रिक्षाच्या रागात लिहून झाले.

'ज्याला मरायचं तो कुठेही मरतो.' तात्या, हे वाक्य तुमचं नाही हे मला माहीत आहे. पण दीडशे घरांच्या ग्रुपवर ते तुमच्या नावाने गेलं. त्या दीडशे घरांत कुणी आत्ता वाईट दिवसांतून जात नसेल, अशी खात्री आहे तुम्हाला? त्याने काय वाचलं? की तुझं काही होऊ शकत नाही, तुला थांबवण्यात अर्थ नाही.

बरं, ते निर्दयी आहे एवढंच नाही, ते खोटंही आहे. गोल्डन गेटवर १९३७ पासून १९७१ पर्यंत ज्यांना ऐनवेळी अडवून परत आणलं गेलं, अशा ५१५ माणसांचं पुढे काय झालं, याचा माग बर्कली विद्यापीठातल्या रिचर्ड सायडन नावाच्या प्राध्यापकाने काढला. त्याचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'कुठेही मरतो' हे खरं असतं तर त्या ५१५ पैकी बहुतेकांनी नंतर दुसरी जागा शोधली असती. निघालं काय? सुमारे ९४ टक्के माणसं एकतर अजून जिवंत होती किंवा नैसर्गिक कारणांनी गेली होती. शंभरातली चौऱ्याण्णव. ज्यांना एकदा थांबवलं ते थांबले. ती घडी टळली की माणूस घरी जातो, चहा पितो, पुढे पन्नास वर्षं जगतो, नातवंडांवर ओरडतो.

यावर पुढचं ठरलेलं उत्तर असतं, की मग या पुलावर जाळी लावली तर शेजारच्या पुलावर जातील. हेही तपासून झालंय. वॉशिंग्टनमध्ये एलिंग्टन आणि टॅफ्ट असे दोन पूल जवळजवळ आहेत. १९८६ मध्ये एलिंग्टनला उंच कठडा बसवला, टॅफ्टला नाही. टॅफ्टवरच्या घटना त्यामुळे म्हणाव्या तशा वाढल्या नाहीत.

म्हणजे ज्या जाळ्या-कठड्यांवर पैसे घालवू नका म्हणता, नेमका त्यांचाच उपयोग होतो. गोल्डन गेटने तेच केलं. वर्षानुवर्षं वाद झाले, खर्चावरून झाले, पूल विद्रूप दिसेल म्हणून झाले, आणि शेवटी पुलाच्या दोन्ही बाजूंना खाली पोलादी जाळी बसवली. ते काम जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झालं. फुटपाथ चालूच आहे. रात्री तो चालणाऱ्यांना बंद असतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण तात्या ते शोधून काढतीलच. रात्री फाटक लावण्याला माझा विरोध नाही, ज्या पुलावर खरोखर गरज असेल तिथे लावा. पण सकाळी साडेसातला कामावर निघालेल्या बाईला कशासाठी अडवायचं?

आणि चालणारे हटवले की पूल सुरक्षित होतो, हेही मला उलटंच वाटतं. कठड्याशी एकटंच कुणी बराच वेळ उभं असेल तर ते दिसतं कुणाला? चालत जाणाऱ्याला. "काय हो, बरं वाटत नाही का?" असं विचारणारा पायी असतो. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीची काचसुद्धा खाली होत नाही. तुम्ही पुलावरून नेमकी तीच माणसं काढायला निघालात, जी थांबू शकतात.

टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जनहितार्थ काही पाठवायचंच असेल तर ते पाठवा.

पाचवा मुद्दा, सायकलवाले दिसत नाहीत. ज्या शहराची ओळख एकेकाळी सायकलींचं शहर अशी होती, तिथे त्या का दिसेनाशा झाल्या याचा विचार न करता 'दिसत नाहीत, मग बंदच करा' म्हणणं म्हणजे जिना तोडायचा आणि वरच्या मजल्यावर कुणी जात नाही म्हणून तो मजलाच पाडायचा. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. तेव्हापासून रंगवलेले ट्रॅक बरेच पाहिले. त्यातले किती पुलाच्या तोंडाशी आल्यावर पुढेही चालू राहतात, ते एकदा सायकलवर बसून बघा. मी बसतो. पुलावर चढताना उजवीकडे पीएमपीची बस, डावीकडे कठडा आणि मधोमध चेंबरचं झाकण. सायकलवाला दिसत नाही कारण तो जिवाला घाबरतो, आणि त्याला भीती चालणाऱ्यांची वाटत नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकण्याआधी मावशींना सांगितलं, दंड-बिंड काही नाही, उद्यापासून खुशाल चालत या. रिक्षाचे पैसे आईने देऊ केले, तर नको म्हणाल्या. मग भांडी घासता घासता म्हणाल्या, "दंडाचं जाऊ द्या हो. फुटपाथची एक फरशी निघालीय, गेल्या पावसाळ्यापासून. तेवढ्यापुरतं खाली गाड्यांत उतरावं लागतं. ती कुठल्या ग्रुपवर टाकायची?"