कासारवडवली ते नागपूर, हवाई मार्गे

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 800. म्हणजे हिशेबाने तासाभराच्या आत नागपूर! मेहुणीच्या साखरपुड्याआधी हे गणित मी घरात मोठ्याने मांडलं आणि तिथेच फसलो.

"मग दहा पन्नासच्या विमानाला पहाटे पाचला बंब कशाला?" आईने विचारलं. (गीझरला ती अजून बंबच म्हणते.)

प्रश्न रास्त होता, पण आम्ही घोडबंदर रोडवर राहतो. मोबाइलच्या नकाशातली रेघ कासारवडवलीला निळी असते, मानपाड्याला भगवी, कापूरबावडीला लाल आणि माजिवड्याला थेट चॉकलेटी. त्या चॉकलेटी रंगात ड्रायव्हरने मान वळवून विचारलं, "साहेब, विमानतळ कुठला? हल्ली दोन झालेत." 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं उडतात, हे मला पाठ होतं. तरी पोटात गोळा आला. हिने पर्समधून तिकीट काढून तीनदा वाचलं. सहारच होतं.

साडू ठाण्याहूनच, पण गाडीने निघाले होते. आमण्याला समृद्धीवर चढलं की नागपूरपर्यंत 701 किलोमीटर. मी सुरक्षा तपासणीत पट्टा काढून, एका हाताने पँट धरून उभा होतो. समोरच्या ट्रेमध्ये माझा फोन थरथरला, "साडू" असं झळकलं आणि ट्रे यंत्रात गेला. पलीकडून निघाला तेव्हा मेसेज आला होता: 'शिर्डी आलं. मिसळ खातोय.'

विमान दारातून वेळेवर हललं आणि रांगेत थांबलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. आमचा नंबर सातवा. अखेर उडालो ते जुहूवरून सरळ अरबी समुद्रावर!

"अहो, नागपूर मागे राहिलं ना?" ही घाबरून म्हणाली. मग विमान वळलं.

साखरपुड्याला आम्ही साडूंच्या चाळीस मिनिटं आधी पोचलो. "एवढे पैसे घालून चाळीसच मिनिटं?" मामेसासऱ्यांनी जिलबी वाढता वाढता विचारलं.

परतताना वारा समोरून होता, त्यामुळे वेळ जास्त लागला. "माहेराहून निघताना लागतोच," ही म्हणाली. उतरताना उजव्या खिडकीतून खाडी दिसली, ऐरोलीचा पूल दिसला, लांबवर येऊरचे डोंगर. त्यांच्याच पायथ्याशी आमची इमारत. पावणेसहा वाजले होते. चाकं टेकताच मी उत्साहाने आईला फोन केला, "आलो गं!"

तिने लगेच कुकर लावला. साडेआठला तिने तो दुसऱ्यांदा लावला, तेव्हा आम्ही माजिवड्याला होतो.