‘जिआंग झिया’ हा ‘नेझा’चा दुसरा भाग नाही
‘जिआंग झिया’ (२०२०) हा चिनी अॅनिमेशनपट ‘नेझा’चा दुसरा भाग आहे, पहिला पाहिला नसेल तर तो कळणारच नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. दोन्हींचं मूळ ‘फेंगशेन यान्यी’ ही मिंगकालीन कादंबरी, पण कथा आणि दिग्दर्शक वेगळे. ‘नेझा’चा खरा पुढचा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला.

‘जिआंग झिया’ पाहताना डोकं चक्रावतं ते सुरुवातीलाच. अप्रतिम द्विमितीय चित्रांत अख्खं युद्ध भराभर उरकतं. तिथे एवढंच धरून ठेवा: नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीला मारताना नायक जिआंगला तिच्यात एका निष्पाप मुलीचा आत्मा दिसतो आणि त्याचा हात थांबतो. पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच सुरू होते. ‘नेझा’ पाहिला नसला तरी बिनधास्त पाहा.