नारंगी पाणी की नारंगी नळी?

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातला एक मुद्दा पटला. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कॉम्प्युटरच्या वॉटरकूलिंगमध्ये (म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवण्यात) रंग हवाच असेल तर तो नळीचा घ्या, पाण्याचा नको. तुमचं म्हणणं असं की रंगीत नळी फवारणी पंपाच्या नळीसारखी दिसते, पुण्यात तुमच्याकडे सहा महिन्यांपासून रंगीत कूलंट (नळ्यांतून फिरणारं पाणी) बिनतक्रार चालू आहे, आणि मी नळीचे दोष झाकून ठेवले. वर 'वरुडच्या संत्रापट्ट्यात राहून नारंगी पाण्याला भिता?' हा टोमणा!

टोमण्यापासूनच सुरू करतो, कारण माझा पहिला लूप, म्हणजे पाणी गोल फिरतं ती सगळी जोडणी, नारंगीच होता. कूलंट दुधाळ, ज्याला पेस्टल म्हणतात ते. दिसायला असं की गावातली पोरं बघायला यायची. मग आंबिया बहाराची तोड आली आणि बारा-तेरा दिवस मशीन बंदच राहिलं. चालू केल्यावर एक साधा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला तर प्रोसेसर नव्वद अंशांपार. प्रोसेसरवर बसणारा, ज्यातून पाणी जातं तो ब्लॉक खोलला. तांब्याच्या तळाशी ज्या बारीक खाचा असतात, अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद, त्यांत नारंगी लगदा बसलेला, कालवलेल्या हळदीसारखा. जुना टूथब्रश, कोमट डिस्टिल्ड पाणी आणि आख्खी दुपार त्यात गेली. रिझर्व्हॉयरच्या, म्हणजे लूपच्या छोट्या टाकीच्या, अ‍ॅक्रिलिकवर पाण्याच्या पातळीची नारंगी रेघ अजून आहे, ती काही निघाली नाही.

दुधाळ कूलंटमधला रंग पाण्यात विरघळलेला नसतो, त्याचे बारीक कण नुसते तरंगत असतात. पाण्यात कालवून फवारायची पावडर असते ना, ढवळली नाही की टाकीच्या तळाला बसते आणि नोझल चोक होतं, तसंच हे. तुमचा पंप रोज फिरतो. आमच्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि हंगामात तर मशीनकडे दिवसेंदिवस बघणंही होत नाही. थांबलेल्या पाण्यात कण बसणारच. पाण्यात विरघळणारा पारदर्शक रंग, म्हणजे डाय, यापेक्षा बराच बरा, हे मी लेखात लिहायला हवं होतं. तुमचं कूलंट तसलं असेल तर सहा महिने सुखाने गेले यात नवल नाही. फक्त तोही नळ्यांना डाग देतो, आणि पुढे रंग बदलायचा म्हटलं की लूप कितीही धुवा, जुन्याची झाक लवकर जात नाही.

आता तुमचा खरा मुद्दा. मऊ पीव्हीसीच्या नळीतला प्लॅस्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर झिरपतो, नळी आतून धुरकट होते आणि तोच चिकट थर ब्लॉकच्या खाचांत जाऊन बसतो. पारदर्शक नळीत हे निदान दिसतं, रंगीत नळीत झाकलं जातं. बरोबर आहे तुमचं. त्यात उष्णतेने हे झिरपणं वाढतं, आणि आमचा मे महिना तुम्ही ऐकून असालच. बाहेर 45, कूलर लावून खोलीत 36-37, म्हणजे लोडवर लूपमधलं पाणी 47-48 ला जातं. (कूलरचं पाणी उडतं म्हणून गारवा येतो. लूप सगळीकडून बंदिस्त असतो, पाणी उडत नाही, त्यामुळे त्यातलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. दर उन्हाळ्यात हे कोणीतरी विचारतंच.) तेव्हा लेखात सुधारणा करतो: रंगाचं वेड नसेल त्याने सरळ काळी ईपीडीएम रबराची नळी घ्यावी, तिच्यात ही भानगड नाही. आणि मी 'नुसतं डिस्टिल्ड वॉटर' लिहिलं तेही अर्धवट होतं. गंजरोधक आणि बायोसाइड (शेवाळ-जंतू मारणारं औषध) असलेलं बिनरंगी कूलंट म्हणायचं होतं.

तरी माझ्याकडे नारंगी नळीच राहणार. डाय लूपमधल्या सगळ्यात अरुंद फटीतून दिवसभर फिरतो, नळीचा रंग नळीतच राहतो. शिवाय ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल: आत उजेड गेला नाही की शेवाळ धरत नाही. माझी नळी आरपार दिसणारी नाही, तेवढा फायदा तिचाही. झिरपण्याचं म्हणाल तर दर दिवाळीला मी ब्लॉक खोलून बघतो.

रंगीत पाणी गळलं तर पटकन दिसतं, हे मात्र मान्य. मी त्यासाठी फिटिंगखाली टिश्यू पेपर अंथरून चोवीस तास नुसता पंप चालवतो.

एकदा तुमचाही ब्लॉक खोला आणि खाचांचा फोटो इथे टाका. साफ निघाला तर तो मी लेखातच लावतो.

आणि फवारणी पंपाच्या नळीचं म्हणाल, तर आमच्या बाबांचंही तेच मत पडलं. उरलेला दीड हाताचा तुकडा त्यांनी कूलरच्या मोटरला लावलाय.